ओबरमोसच्या गाईंची फुलं

ओबरमोस, विल्डशोनाऊ, तिरोल
२८ ऑक्टोबर १९७९

प्रिय बुर्गा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझी इर्मा इथून निघाली त्याला महिना होऊन गेला. ती ब्राझीलला तुझ्याजवळ पोचून शाळेतल्या पोरांना पुन्हा ओरडायलाही लागली असेल, आणि मामाच्या चार ओळी अजून नाहीत. लिहायला रोज बसतो. कधी चष्मा सापडत नाही, कधी पेन. कधी सूनबाई, हेडविग, फडकं घेऊन येते आणि म्हणते, "बाबा, उठा, पाहुण्यांची न्याहारी मांडायची आहे." आपली शाळा तर हिवाळ्यापुरती, बर्फ वितळलं की गुरांमागे. तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

आधी रोमेडबद्दल. त्याच्या जाण्याचं तुझं पत्र जुलैतच मिळालं. मी लगेच कार्ड टाकलं होतं, ते पोचलं ना? टपालाचा काही भरवसा राहिलेला नाही. थोरला भाऊ गेला, तोही इतक्या लांब. मी काय लिहिणार? आता आपण दोघंच उरलो.

इर्मा गुणी पोर आहे. पोर म्हणतो, पण चाळिशीला आली की. मी वोर्गलच्या स्टेशनवर खूप आधी जाऊन बसलो होतो, गाडी चुकायला नको म्हणून, आणि तरी चुकीच्या फलाटावर उभा राहिलो. तिनेच मला शोधलं. काळा झगा, काळे मोजे. "कास्परमामा, तुम्ही रोमेडमामासारखेच नाक ओढता," हे तिचं पहिलं वाक्य. तिचं बोलणं ऐकून हेडविग हसायलाच लागली. म्हणाली, "अगं बाई, असं तर माझी पणजी बोलायची! तुम्ही तिकडे शब्द काय मिठात घालून ठेवलेत का?" इर्मा म्हणाली, "तुम्ही इथे उघड्यावर टाकलेत, म्हणून नासले." मग दोघी हसल्या. चांगलं जमलं त्यांचं.

समोरच्या सज्जाच्या खोल्यांत डॉर्टमुंडचे भाडं देणारे पाहुणे होते, म्हणून तिला मागची छोटी खोली दिली, रोमेड निजायचा ती. तिला आवडली. निदान तसं म्हणाली. पहिले दोन दिवस पाऊस. माझे गुडघे धरले होते, तरी कुंडलच्या घळीत मी तिच्याबरोबर गेलो. वाटेवर दगड पडतात असं ऐकलं होतं, त्यामुळे सबंध वेळ वरच बघत होतो. घळ काही बघितली नाही. घरी आल्यावर तिला आपली क्राउटिंगर पाजली. सलगमाच्या त्या दारूच्या वासाने तिचे डोळे भरून आले. म्हणाली, रोमेडमामाने तिकडे कितीदा करून पाहिली, पण तिकडच्या सलगमाला असा वास सुटत नाही.

बुधवारी इन्सब्रुकला गेलो. मी जन्मात दोनदाच गेलेलो, एकदा सैन्यभरतीला आणि एकदा दात काढायला. रस्ता ओलांडायची मला भीती वाटते, तर ती माझा कोपर धरून चालली, जशी मीच पाहुणा. सोनेरी छपराखाली उभी राहिली आणि म्हणते, "एवढंसंच? रोमेडमामा सांगायचा, अख्ख्या राजधानीवर सोन्याचं छप्पर आहे!" मी म्हटलं, तो लहान असताना आला असेल, लहानपणी सगळं मोठं दिसतं. मग राजचर्चमध्ये गेलो. तिथे त्या काळ्या धातूच्या राजाराण्या उभ्या असतात ना, माणसाहून मोठ्या, सम्राटाच्या थडग्याभोवती. रखवालदाराने सांगितलं की थडगं रिकामं आहे, सम्राट पुरलाय दुसरीकडेच. इर्मा म्हणाली, "म्हणजे माणूस लांब कुठेतरी गेला, आणि हे सगळे इथे दुखवट्याला उभे?" रखवालदार म्हणाला, "चारशे वर्षं, बाईसाहेब. अजून कोणी खुर्ची मागितली नाही." तिथे फार गारठा होता. मला घरी आल्यावर खोकला झाला.

शुक्रवारी ती चर्चच्या आवारात आईबाबांच्या कबरीवर जाऊन आली. शनिवारी वरच्या कुरणातून गाई उतरल्या. गर्दी फार होती, लिहिण्यासारखं विशेष काही नाही. इर्माने फोटो काढले, पण ऊन कडक होतं, ते बहुतेक जळाले असतील. त्या छोट्या यंत्राचे फोटो नीट येत नाहीत असं मी ऐकतो. आले नसले तर तिला वाईट वाटू देऊ नकोस.

ती म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात तू येणार. ये. तुला बघून पंचेचाळीस वर्षं झाली, मी तर तुला ओळखणारही नाही. फक्त थोडं आधी कळव, म्हणजे घरात सांगायला बरं.

तुझा भाऊ
कास्पर


ड्रायझेनलिंडेन, ब्राझील
२५ नोव्हेंबर १९७९

कास्परदादा,

फोटो छान आले आहेत. एकही जळला नाही.

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर इर्माने आपल्या खोऱ्यातली जी चार म्हातारी माणसं इथे उरली आहेत त्यांना कॉफीला बोलावलं आणि टेबलावर फोटो फिरवले. आधी घळ, मग सोनेरी छप्पर, मग त्या काळ्या राण्या. सगळे हसत होते. मग एक फोटो थ्रेसलच्या हातात गेला. थ्रेसल म्हणजे आपल्या पलीकडच्या घरची, आमच्याच बोटीने आलेली. तिने तो बघितला, टेबलावर पालथा ठेवला, चष्मा डबीत घातला आणि कॉफी तशीच टाकून घरी गेली.

मी फोटो उलटा केला. तुझी आघाडीची गाय. डोक्यावर देवदाराचा मुकुट, मुकुटात आरसा, लाल कागदी गुलाब, गळ्यात मोठी घंटा. शेजारी माझी मुलगी मामाच्या दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत उभी, आणि हसते आहे. ती मला म्हणाली, "आई, मी विचारलं, इतकी फुलं कशाला? तर कास्परमामा म्हणाले, तुझ्यासाठीच, ब्राझीलच्या पाहुणीसाठी."

तिला काय माहीत? मी कधी सांगितलंच नव्हतं. इथे गाई वर चढत नाहीत आणि खाली उतरतही नाहीत. असतात तिथेच चरतात. त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. उन्हाळ्यात घरातलं माणूस गेलं, किंवा वर कुरणात एखादं जनावर जरी दगावलं, तर गाई बोडक्या उतरतात. ना फूल, ना फांदी, आणि घंटांचे लोलक चिंधीने बांधलेले. ऐकून ती उठून बाहेर गेली. तो काळा झगा तिने पुन्हा अंगाला लावलेला नाही. म्हणते, मी त्यात नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

तुला आठवतं ना, विजेने ती तपकिरी कालवड मारली तो उन्हाळा? आईने फुलं करून ठेवली होती. बाबांनी सगळी उचलून चुलीत घातली. आई रडली, तरी बाबा म्हणाले, "ओबरमोसचं जनावर गेलं, ओबरमोसला सण नाही." एका कालवडीसाठी, दादा! आणि रोमेडसाठी नाही?

थोरला कोण होता? घर कोणाचं व्हायचं होतं? एका घराला एकच वारस, बाकीच्यांनी वाट धरायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रोमेड म्हणाला होता, "कास्पर समुद्राला भितो. त्याला राहू दे, मी जातो." तू तेव्हा चुलीमागे बसला होतास आणि एक शब्द बोलला नाहीस. ते कुरण त्याने किती उन्हाळे राखलं. आजारपणातसुद्धा जून आला की विचारायचा, "बुर्गे, गाई वर गेल्या असतील का गं?" मी म्हणायची, गेल्या. मग शांत झोपायचा.

त्या रिकाम्या थडग्यापुढे चारशे वर्षं उभं राहणं तुम्हाला जमतं, कारण ते सम्राटाचं आहे.

आता मला सरळ उत्तर दे. रोमेडसाठी गावात घंटा वाजली का? त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा झाली का, आणि कधी? आणि मुख्य म्हणजे, आम्ही अजून त्या घरचे आहोत की नाही?

बुर्गा


ओबरमोस
२० जानेवारी १९८०

प्रिय बुर्गा,

तुझं पत्र वाचून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. इतकं कडक लिहायचं असतं का म्हाताऱ्या माणसाला? माझ्या छातीत धडधडतं, डॉक्टरने काळजी करू नका म्हणून सांगितलं आहे, आणि इथे बर्फ छपरापर्यंत आलं आहे. छप्पर टिकेल की नाही ह्याची मला वेगळी धास्ती.

मी काय सांगतो ते नीट ऐक. रोमेड गेल्याचं तुझं पत्र जुलैत आलं त्याच दिवशी मी पोराला, आंदेरला, सांगितलं होतं. मी लपवून ठेवलं नाही. तो यंत्राखाली आडवा पडून काहीतरी खोलत होता. तिथूनच म्हणाला, "वाईट झालं, बाबा. पण मी त्या माणसाला कधी बघितलंय?"

मी म्हटलं, "तो तुझा काका आहे."

"काका म्हणजे नाताळचं कार्ड. मी जन्मायच्या आधी गेला तो."

"पण गाईंचं काय? फुलं?"

तेव्हा तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "समुद्रापलीकडचं सुतक इथल्या गाईंना कसं लागतं, हे मला समजावून सांगा, मग बघू."

मला समजावता आलं नाही. तुला आलं असतं. रोमेडला तर नक्की आलं असतं. हेडविग दारातूनच म्हणाली, "बाबा, यंदा गावाच्या जाहिरातीवर आपली गाय छापली आहे. बसगाड्या भरून लोक येणार. बोडक्या गाई बघायला म्युनिकहून कोण येतं हो? आणि दुखवटा पाळायचाच होता तर तुम्ही पाद्रीबाबांना सांगितलंत का? नाही ना? मग!"

तेही खरंच होतं. पाद्रीबाबांना सांगितलं असतं तर त्यांनी घंटा वाजवली असती, आणि घंटा वाजली असती तर सगळं खोरं विचारत आलं असतं, कोण गेलं, कोण गेलं, आणि मग फुलांचं काय ते सगळ्यांसमोर ठरवावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं, थोडं थांबू. गाई उतरल्या, बसगाड्या गेल्या, आणि ऑक्टोबरात मी मिस्सा सांगितली. घंटाही वाजली. लहान घंटा वाजली, पण वाजली. तेव्हा तू म्हणतेस तसं काही केलंच नाही असं नाही.

इर्माला जे बोललो ते असं घडलं. तिने विचारलं ते सगळ्यांच्या मधोमध उभी राहून, मोठ्याने, शाळामास्तरणीच्या आवाजात. डॉर्टमुंडचे लोक ऐकत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. ती इतकी खूश झाली की मला वाटलं, चला, निदान कोणाचं तरी भलं झालं.

ती काळ्या कपड्यांत का, असं लोक आठवडाभर विचारत होते. हेडविग सांगायची, "शिक्षिका आहे ना, त्यांच्यात तसंच घालतात." पण समोरच्या घरचा म्हातारा लिपे कबरस्तानात इर्माला भेटला आणि तिने त्याला भाबडेपणाने रोमेड गेल्याचं सगळं सांगून टाकलं. लिपे आणि रोमेड बरोबरीचे. शनिवारी गाई उतरल्या तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, आणि लिपे गल्लीच्या कडेला टोपी हातात धरून उभा होता. शेवटची गाय जाईपर्यंत त्याने ती डोक्यावर घातली नाही. आमच्या दाराकडे तोंड करून उभा होता. एकेक म्हातारा मग त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. पाहुण्यांना वाटलं, हीच इथली जुनी रीत. त्यांनी त्यांचेही फोटो काढले. तेव्हापासून गुत्त्यात माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती. शिक्षा मलाही झाली आहे एवढं तुला कळावं म्हणून सांगतो.

आणि तुझा तो शेवटचा प्रश्न. असले प्रश्न पत्रात कशाला विचारायचे? समोरासमोर बसून बोलू. तू ये. मागची खोली जूनअखेरपर्यंत रिकामी आहे. जुलैपासून मात्र पाहुण्यांची नोंद झाली आहे, हेडविग म्हणते. तेव्हा जूनमध्ये आलीस तर सगळ्यांच्याच सोयीचं.

तुझा भाऊ
कास्पर


ड्रायझेनलिंडेन
९ मार्च १९८०

कास्परदादा,

हो किंवा नाही, एवढंच विचारलं होतं. तू खोली कधी रिकामी आहे ते कळवलंस. उत्तर मिळालं.

मी येत नाही. तिकडे पाहुणी म्हणून येण्यासाठी मी इतकी वर्षं ते घर स्वप्नात झाडलेलं नाही.

लिपेला माझा नमस्कार सांग. तो तुझ्याशी बोलत नसेल तर राहू दे.

इर्माला मी बजावून ठेवलं आहे. मी गेले की ओबरमोसला पत्र जाणार नाही, तारही जाणार नाही. सांगू की नको, पाद्रीबाबांना कधी कळवू, ही पंचाईत तुला पुन्हा पडायला नको. कळलंच नाही तर दुखवटा कसला? आंदेरला सांग, दरवर्षी खुशाल फुलं बांध.

तुझी बहीण होते ती,
बुर्गा


ओबरमोस
२४ ऑगस्ट १९८०

प्रिय बुर्गा,

हे मी ह्या वर्षातलं कितवं पत्र लिहितो आहे ते माझं मलाही आठवत नाही. एकाचंही उत्तर नाही. आधी वाटलं, टपाल हरवतंय. पोस्टात जाऊन भांडून आलो. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, पत्रं जातात. लोक लिहीत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

ईस्टरला इर्माचं एक कार्ड आलं होतं. बहुतेक तुला न विचारता टाकलं असावं. त्यात होतं, "आईच्या छातीत कफ भरला आहे, डॉक्टर येऊन गेले." बस, एवढंच. खोकला कोरडा की ओला? ताप आहे का? उशी उंच घेऊन झोपतेस ना? आई उशी उंच घेत नव्हती, आणि मग काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर तिकडून काही नाही. मे गेला, जून गेला. मागची खोली मी हेडविगला जूनभर कोणाला देऊ दिली नाही. तिने तोंड वाकडं केलं, पण मी ऐकलं नाही. पांघरूण मीच उन्हात घातलं. तू आली नाहीस.

गाई वर आहेत. एकही दगावलेली नाही, गवत चांगलं आहे. जेवणाच्या टेबलावर कागदी फुलांचा ढीग पडलाय. मी परवा आंदेरला म्हटलं, "यंदा फुलं नको बांधू."

तो म्हणाला, "का? कोण गेलं?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

मी म्हटलं, "बुर्गाआत्या आजारी होती. ती म्हणाली होती की गेले तरी कळवणार नाही."

आंदेर मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी लहान मूल असल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, पत्र आलं नाही म्हणजे ती आहे. आणि पत्र येणारच नसेल, तर काय, आता दरवर्षी गाई बोडक्या आणायच्या का? कधीपर्यंत?"

त्याचंही बरोबर आहे. हेडविग म्हणाली, "नुसते बसून काळजी करता, त्यापेक्षा हाताला काम घ्या." आणि माझ्यापुढे तार आणि लाल कागद ठेवला. तेव्हापासून मीच फुलं करतो आहे. एक पाकळी वळली की वाटतं, ती आहे. दुसरी वळली की वाटतं, नाही. तार बोटांना टोचते. फुलं बरी होतात, सगळे म्हणतात. लिपे काल कुंपणापाशी थांबला, खिडकीतून माझ्या हातांकडे बघत राहिला आणि निघून गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थांबला होता.

बुर्गे, तू विचारलं होतंस ते माझ्या लक्षात आहे. तुम्ही ह्या घरचेच. मी तेव्हाच लिहायला हवं होतं, पण आंदेरला विचारल्याशिवाय कसं लिहायचं असं वाटलं. घर आता कागदावर त्याचं आहे. अजूनही मी त्याला विचारलेलं नाही. पण माझ्यापुरतं विचारशील तर, हो.

तू असलीस तर एकच ओळ लिही: आहे. शिवी लिहिलीस तरी चालेल. तुझं अक्षर दिसलं म्हणजे झालं. मग मी निश्चिंतपणे फुलं पुरी करीन.

आणि नसलीस, तर हे मी कोणाला लिहितो आहे? इर्मा, पोरी, हे पाकीट तू उघडलं असशील, तर आईने घातलेली शपथ मोड. मामा म्हातारा आहे, त्याला इतकं टांगून ठेवू नये. गाई सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी उतरतात. त्याआधी इथे पोचेल अशा बेताने लिही. तसं काही असेल, तर ह्या वेळी मी फुलं चुलीत घालीन, आंदेरला अडवीन. बहुतेक अडवीन.

लवकर लिहा. दोघींपैकी जी असेल तिने लिहा.

कास्पर